गाडी त्यांची, हात आपला: जर्मन स्पोर्ट्स सेडानचा इतिहास, छोट्या वर्कशॉपच्या बाजूने



मागच्या व्हिडिओत आपण एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर चालणाऱ्या धंद्याबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर, आम्ही दुसऱ्याच्या मालावर काम करतो. ब्रँड त्यांचा, डिझाइन त्यांचं. उद्या त्यांनी हेच काम स्वतः सुरू केलं तर आम्ही कुठे जायचं?" प्रश्न अगदी खरा आहे. त्याला "क्वालिटी द्या, सगळं ठीक होईल" असं गोड उत्तर देणं म्हणजे तुमची फसवणूक होईल.

म्हणून आज उपदेश नको, एक धंदा पहिल्या दिवसापासून बघू. साठ वर्षांचा हिशेब आपल्यासमोर आहे. जर्मनीच्या वेगवान सेडान आणि कूपे, म्हणजे मर्सिडीज-एएमजी, बीएमडब्ल्यू एम, ऑडी आरएस. सिग्नलला अशी गाडी शेजारी येऊन थांबली की वाटतं, हे सगळं पहिल्यापासून कोट्यवधींच्या लॅबमध्ये जन्माला आलं असणार. तसं नाही. लॅब नंतर आल्या. सुरुवात झाली एका इंजिनिअरच्या घरी, एका टाइपरायटर कारखान्यात, आणि एका कंपनीच्या पस्तीस माणसांच्या खात्यात.

गाड्यांची आवड नसली तरी वाचा. इंजिनाबद्दल लागेल तेवढंच सांगतो.

गिऱ्हाईक कोण होतं?

१९५९ साली बीएमडब्ल्यू विकली जाण्याच्या बेतात होती. तिच्याकडे वरच्या टोकाला महागड्या मोठ्या गाड्या होत्या आणि खालच्या टोकाला इझेटासारखी चिमुकली बबल कार. मधलं काहीच नाही. ९ डिसेंबर १९५९ च्या भागधारकांच्या सभेत डाइमलर-बेंझला कंपनी देण्याचा प्रस्ताव होता. छोटे भागधारक आणि डीलर अडून बसले, प्रस्ताव बारगळला, आणि हर्बर्ट क्वांट या उद्योगपतीने पैसा लावला. त्यातून आली 'नोये क्लासे', म्हणजे नवी श्रेणी. तिची पहिली गाडी बीएमडब्ल्यू १५०० ही १९६१ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात दाखवली गेली. चार दरवाजे, दीड लिटरचं इंजिन, ८० हॉर्सपॉवर.

आता गिऱ्हाइकाकडे बघा. जर्मनीत ऑटोबानच्या बऱ्याच मोठ्या भागावर वेगमर्यादा नाही. डॉक्टर, वकील, कारखानदार, सेल्समन अशा माणसाला रोज लांब जायचं असतं आणि लवकर पोचायचं असतं. दोन सीटांची स्पोर्ट्स कार त्याला चालत नाही, कारण रविवारी बायको-मुलं मागे बसणार. फॅमिली गाडी घेतली तर ती धापा टाकते. म्हणजे त्याला दिसायला साधी, वागायला सोयीची, पण पळायला तुफान अशी गाडी हवी होती. आणि ती कुणीच नीट बनवत नव्हतं.

मोठ्या कंपनीला ही मागणी दिसत नव्हती असं नाही. दिसत होती, पण संख्या छोटी होती. हजारोंच्या लाइनवर शंभर-दोनशे वेगळ्या गाड्या काढायच्या म्हणजे डोकेदुखी. इथे छोट्याला जागा मिळते.

अल्पिना: वॉरंटीने बदललेला खेळ

बव्हेरियातल्या काउफबॉयरन गावात बोवेनसीपेन कुटुंबाचा टाइपरायटरचा कारखाना होता. ब्रँडचं नाव अल्पिना. मुलगा बुर्कार्ड याचं मन मात्र गाड्यांत. त्याने बीएमडब्ल्यू १५०० साठी वेबर कार्बुरेटरचा एक सेट तयार केला. इंजिनाला हवा-पेट्रोल जास्त मिळणार, ताकद वाढणार. गाडीचं बाकी काही बदलायचं नाही.

वेळ कशी साधली बघा. १९६३ मध्ये बीएमडब्ल्यूने ९० हॉर्सपॉवरची १८०० आणली. तुम्ही नुकतीच १५०० घेतलीय, आणि शेजारी १८०० घेऊन येतो. मनाला चुटपुट लागणारच. नवी गाडी घेणं परवडत नाही, पण कार्बुरेटरचा सेट परवडतो. अल्पिनाने विकला तो सेट. गिऱ्हाइकाने विकत घेतलं समाधान.

पण खरी अडचण वेगळी होती, आणि ती आपल्याकडे मोबाइलपासून बाइकपर्यंत सगळ्यांना माहीत आहे: बाहेरचा पार्ट बसवला की वॉरंटी गेली. बोवेनसीपेनने यावर जाहिरात केली नाही. त्याने बीएमडब्ल्यूलाच आपलं काम दाखवलं. १९६४ मध्ये बीएमडब्ल्यूचे विक्रीप्रमुख पॉल हानेमान यांनी त्याचा दर्जा मान्य केला, आणि अल्पिनाचा सेट बसवला तरी कंपनीची वॉरंटी कायम राहील असं ठरलं.

मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना हीच. एकही रेस न जिंकता, एकही नवं मशीन न घेता, एका मान्यतेने गिऱ्हाइकाची भीती संपली. डीलर उघडपणे सेट सुचवू शकत होता. आणि बीएमडब्ल्यूचा फायदा? तिची जुनी गिऱ्हाइकं नाराज होऊन दुसरीकडे जात नव्हती.

मग १ जानेवारी १९६५ ला, आठ माणसं घेऊन, अल्पिना ही मोटारींची कंपनी रीतसर सुरू झाली. क्रम लक्षात घ्या. आधी माल, मग मोठ्या कंपनीची मान्यता, मग कंपनी. आपल्याकडे बरेच जण लेटरहेड आणि व्हिजिटिंग कार्डापासून सुरुवात करतात.

१९७० मध्ये अल्पिना जवळच्याच बुखलोए गावी गेली. आणि दोन वर्षांनी तुमच्या प्रश्नातली भीती शब्दशः खरी झाली.

कंपनीने तेच काम स्वतः सुरू केलं

मे १९७२ मध्ये बीएमडब्ल्यूने 'बीएमडब्ल्यू मोटोरस्पोर्ट' नावाची वेगळी कंपनी काढली. प्रमुख म्हणून फोर्डच्या रेसिंग टीममधून योखेन नेयरपाश यांना आणलं. सुरुवातीला माणसं पस्तीस. आज ज्या 'एम' अक्षरासाठी लोक जास्तीचे लाखो रुपये मोजतात, ते अक्षर या पस्तीस जणांपासून सुरू झालं.

त्यांचं पहिलं गाजलेलं काम ३.० सीएसएल कूपे. यातला 'एल' म्हणजे 'लाइख्ट', हलकी. दरवाजे, बॉनेट ॲल्युमिनियमचे, काचा पातळ, आतला साज कमी. ती रस्त्यावर विकण्याचं कारण मात्र रेसचा नियम. त्या काळी टूरिंग कारच्या रेसमध्ये उतरायचं तर तशीच गाडी ठरावीक संख्येत सामान्य गिऱ्हाइकाला विकावी लागे. याला होमोलोगेशन म्हणतात. १९७३ मध्ये सीएसएलला मागे मोठा पंख लावायचा होता, पण जर्मनीत तो रस्त्यावर वापरायला परवानगी नव्हती. मग काय केलं? पंख डिकीत ठेवून गाडी विकली! बसवायचा की नाही ते मालकाने बघावं. त्याच वर्षी सीएसएलने युरोपियन टूरिंग कार स्पर्धा जिंकली.

नंतरची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. १९७८ मध्ये बीएमडब्ल्यूने एम१ नावाची खरीखुरी सुपरकार आणली. बनवायचं काम इटलीच्या लँबोर्गिनीला दिलं होतं. ती कंपनी पैशाच्या अडचणीत सापडली, करार मोडावा लागला, काम वेगवेगळ्या ठिकाणी वाटून कसंबसं पूर्ण झालं. साडेचारशेच्या आसपास गाड्या निघाल्या. धंदा म्हणून एम१ फसली. पण तिच्यासाठी पाउल रोशे यांनी केलेलं सहा सिलिंडरचं, २७७ हॉर्सपॉवरचं इंजिन फुकट घालवलं नाही. त्याची सुधारलेली, २८६ हॉर्सपॉवरची आवृत्ती एम६३५ सीएसआय कूपेत बसवली. मग तेच इंजिन साध्या दिसणाऱ्या ५ सिरीजमध्ये बसवलं आणि १९८५ च्या सुरुवातीला ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ठेवलं. ती पहिली एम५. बाहेरून टॅक्सीसारखी, आत सुपरकारचं इंजिन. त्या काळात इतकी वेगवान चार दरवाजांची गाडी विकत मिळतच नव्हती. पहिल्या पिढीच्या अशा जेमतेम सव्वादोन हजार गाड्या निघाल्या, त्याही बऱ्याचशा हाताने जुळवलेल्या.

फसलेल्या प्रॉडक्टमधलं कोणतं अंग अजून चांगलं आहे, हे शोधणं म्हणजे एम५.

एम३ ची कथाही अशीच काटकसरीची. रेससाठी हलकी गाडी हवी होती, आणि नियम होता बारा महिन्यांत ५,००० गाड्या बनवण्याचा. रोशेंनी सहा सिलिंडरच्या सिलिंडर हेडमधले दोन कप्पे कापून काढले, उघड्या बाजूला पत्रा वेल्ड केला, आणि तो तुकडा चार सिलिंडरच्या जुन्या ब्लॉकवर बसवला. दोन आठवड्यांत इंजिन चालू. तो ब्लॉक कुठला? १९६१ च्या त्या १५०० च्या घराण्यातला! आणखी गंमत म्हणजे त्याच घराण्याच्या ब्लॉकवर केलेल्या टर्बो इंजिनाने १९८३ मध्ये नेल्सन पिकेला फॉर्म्युला वनचा विजेता केलं होतं. १९८६ पासून एम३ विक्रीला आली. ५,००० चा नियम पाळण्यापुरती बनवलेली गाडी शेवटी जवळजवळ १८,००० विकली गेली.

आता अल्पिनाकडे परत येऊ. बीएमडब्ल्यूचं स्वतःचं वेगवान खातं उभं राहिलं, तरी अल्पिना मेली का? नाही. पुढे पन्नासहून जास्त वर्षं टिकली. कशी?

आधी तिने पुढे राहून दाखवलं. १९७८ ची अल्पिना बी७ टर्बो ३०० हॉर्सपॉवरची होती. तेव्हा बीएमडब्ल्यूची स्वतःची ५२८ आय १८४ वर होती. पण हे कायम जमणारं नव्हतं, आणि बोवेनसीपेनला ते कळत होतं. एम विभाग रेसकडे झुकला, तेव्हा अल्पिना आरामाकडे वळली. तिच्या गाड्या शांत, मऊ सस्पेन्शनच्या, पुढे पुढे बहुतेक ऑटोमॅटिक. तासन् तास प्रचंड वेगाने जा आणि उतरल्यावर कंबर दुखू नये. १९८९ ची बी१० बायटर्बो ३६० हॉर्सपॉवरची होती, त्या वेळच्या एम५ पेक्षा ४५ ने जास्त. एकूण ५०७ गाड्या बनल्या. १९८३ मध्ये तर जर्मनीच्या मोटार वाहन खात्याने अल्पिनाला स्वतंत्र वाहन उत्पादक म्हणून मान्यता दिली होती.

म्हणजे बीएमडब्ल्यूच्या डीलरला एकाच दुकानात दोन वेगळी गिऱ्हाइकं सांभाळता आली. ज्याला थरार हवा त्याला एम, ज्याला थरार नको पण वेग हवा त्याला अल्पिना. मोठी कंपनी तुमच्या गल्लीत आली की तिच्याशी त्याच गल्लीत भांडायचं, की शेजारच्या गल्लीत दुकान थाटायचं? अल्पिनाने दुसरं केलं, आणि कंपनीशी भांडण न करता केलं.

एएमजी: बंद पडलेल्या खात्यातून

मर्सिडीजची कथा उलट बाजूने सुरू होते. हान्स वेर्नर आउफरेख्ट आणि एरहार्ड मेल्खर हे दोघे डाइमलर-बेंझमध्ये नोकरीला होते, ३०० एसईच्या रेसिंग इंजिनावर काम करत होते. कंपनीने रेसिंग बंद केलं. काम गेलं, पगार चालू राहिला. बहुतेक जण इथे समाधान मानतात. या दोघांनी संध्याकाळी आउफरेख्टच्या घरी, ग्रोसआस्पाख गावात, तेच इंजिन सुधारायचं काम चालू ठेवलं. १९६५ मध्ये त्यांच्या इंजिनावर मान्फ्रेड शीक या सहकाऱ्याने जर्मन टूरिंग कार स्पर्धेत दहा शर्यती जिंकल्या. तेव्हा कुठे लोक विचारू लागले, हे इंजिन कोण करतं?

१९६६ च्या शेवटी आउफरेख्टने नोकरी सोडली. १९६७ मध्ये बुर्गश्टाल गावातल्या एका जुन्या गिरणीत दोघांनी काम सुरू केलं. ए म्हणजे आउफरेख्ट, एम म्हणजे मेल्खर, जी म्हणजे ग्रोसआस्पाख. नोकरी सोडण्याआधी मालाची परीक्षा झालेली होती, हे अधोरेखित करून ठेवा.

१९७१ मध्ये बेल्जियममधल्या स्पाच्या २४ तासांच्या रेसमध्ये त्यांनी उतरवली मर्सिडीज ३०० एसईएल. ही गाडी म्हणजे सभापतींनी मागच्या सीटवर बसून फिरायची लिमोझिन. मर्सिडीजच्या एरिक वाक्सेनबेर्गर यांनी तिच्यात मोठं ६.३ लिटरचं इंजिन बसवलं होतं, एएमजीने ते ६.८ लिटर आणि ४२८ हॉर्सपॉवरपर्यंत नेलं. हलक्याफुलक्या रेसिंग गाड्यांच्या गर्दीत ही दीड टनाहून जड लाल गाडी, हान्स हायर आणि क्लेमेन्स शिकेन्टान्स यांच्या हाती, आली दुसरी! आपल्या वर्गात पहिली. टायर आणि पेट्रोल दोन्ही खात होती, वारंवार थांबावं लागत होतं, तरी दुसरी. पैलवानाने धावण्याची शर्यत गाजवावी तसं. त्या एका दिवसाने गिरणीतलं वर्कशॉप युरोपभर माहीत झालं.

१९७६ मध्ये धंदा अफाल्टरबाख गावी गेला. १९८६ मध्ये त्यांनी मध्यम आकाराच्या सेडानमध्ये मोठ्या गाडीचं व्ही८ इंजिन बसवलं. अमेरिकेत तिला 'हॅमर' नाव पडलं. हातोडाच.

१९९० मध्ये डाइमलर-बेंझशी सहकार्याचा करार झाला. यात पैशापेक्षा मोलाचं कलम होतं वितरणाचं: एएमजीचा माल आता मर्सिडीजच्या जगभरच्या शोरूममधून विकला जाणार आणि तिथेच सर्व्हिस होणार. वॉरंटीचा जो प्रश्न अल्पिनाने १९६४ मध्ये सोडवला, तोच इथे मोठ्या प्रमाणावर सुटला. १९९३ ची सी ३६ एएमजी ही दोघांनी मिळून तयार केलेली पहिली गाडी.

एएमजीची एक पद्धत मला फार आवडते. मुख्य इंजिनं एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळवतो आणि त्यावर स्वतःच्या सहीची पट्टी लावतो. तुमच्याकडे पाच कामगार असतील तर हे उद्यापासून करता येईल, खर्च एका स्टिकरचा.

मर्सिडीजनेही जॉबवर्क दिलं

कुणी म्हणेल, मर्सिडीजला एएमजीची गरज काय? स्वतः करता आलं नसतं? ५०० ईची गोष्ट याचं उत्तर देते.

एम५ ला तोडीस तोड म्हणून मर्सिडीजने ई-क्लासच्या पूर्वज गाडीत पाच लिटरचं, ३२६ हॉर्सपॉवरचं व्ही८ बसवायचं ठरवलं. रुंद टायरसाठी मडगार्ड फुगवावे लागले, आणि ती रुंद बॉडी झिंडलफिंगेनच्या नेहमीच्या लाइनवर बसेना. लाइन बदलायची तर लाखो साध्या गाड्यांचं काम खोळंबणार. शेजारीच झुफेनहाउजेनमध्ये पोर्शेचा कारखाना. पोर्शेची विक्री तेव्हा घसरलेली आणि ९५९ बनवून झालेला 'र्‍योसले-बाउ' नावाचा हॉल रिकामा. मग काम पोर्शेला दिलं. इंजिनिअरिंगही आणि जुळणीही.

त्या गाडीचा प्रवास ऐका. पत्रे मर्सिडीजकडून पोर्शेकडे, तिथे बॉडी तयार, रंगासाठी परत मर्सिडीजकडे, इंजिन बसवायला परत पोर्शेकडे, शेवटची तपासणी परत मर्सिडीजकडे. एका गाडीला १८ दिवस. १९९५ पर्यंत अशा १०,४७९ गाड्या निघाल्या. मर्सिडीजला प्रतिष्ठेची गाडी मिळाली, पोर्शेला अडचणीच्या काळात कामगारांच्या हाताला काम मिळालं. त्याच हॉलमध्ये पुढे ऑडीसाठी आरएस२ बनली, ऑडीच्या आरएस घराण्याची पहिली गाडी. ती मात्र सेडान नव्हे, स्टेशन वॅगन.

पोर्शेसारख्या नावाने दुसऱ्याच्या गाडीचं जॉबवर्क केलं. कमीपणा वाटून घेतला नाही. रिकामं शेड, रिकामा कामगार, रिकामं मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे दोनदा वाचावं.

ऑडीचं थोडक्यात

ऑडीला तेव्हा मर्सिडीज-बीएमडब्ल्यूच्या पंक्तीत कुणी बसवत नव्हतं. १९७७ च्या हिवाळ्यात स्कँडिनेव्हियाच्या बर्फात चाचणी चालू असताना यॉर्ग बेन्सिंगर या इंजिनिअरने पाहिलं की ७५ हॉर्सपॉवरची लष्करी जीप, फोक्सवागन इल्टिस, चारही चाकांच्या जोरावर दणकट गाड्यांना मागे टाकतेय. त्याने ही कल्पना फर्डिनांड पीएख यांच्याकडे नेली. जानेवारी १९७८ मध्ये ऑस्ट्रियाच्या टुराखर ह्योहे घाटात, बर्फात, साध्या उन्हाळी टायरवर प्रोटोटाइप चढवून वरिष्ठांना दाखवली. प्रेझेंटेशन असं असावं.

नंतर फोक्सवागनचे अर्न्स्ट फियाला यांनी ती गाडी व्हिएन्नाला घरी नेली. त्यांच्या पत्नीची तक्रार आली: पार्किंगमध्ये वळवताना गाडी उड्या मारते. रेसिंग ड्रायव्हरला जे खटकलं नाही ते घरच्या गिऱ्हाइकाला खटकलं. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियल बसवून ते दुरुस्त झालं, आणि १९८० मध्ये जिनिव्हाला २०० हॉर्सपॉवरची क्वाट्रो कूपे आली. रॅलीचं जगच बदललं. १९८१ मध्ये मिशेल मुटाँ हिने सान रेमोची रॅली जिंकली; जागतिक रॅली स्पर्धेची फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री.

याचा एक झटका मर्सिडीजला बसला. तिची १९० ई २.३-१६, जिचं सिलिंडर हेड इंग्लंडच्या कॉसवर्थकडून करून घेतलं होतं, मुळात रॅलीसाठी होती. क्वाट्रो आल्यावर तिथे निभाव लागणं अवघड दिसलं, म्हणून मर्सिडीजने मोर्चा सर्किटकडे वळवला. १९८४ मध्ये नव्या न्युर्बुर्गरिंगच्या उद्घाटनाला वीस नामवंत ड्रायव्हरना एकसारख्या १९० ई दिल्या, आणि जिंकला कोण? तेव्हा फॉर्म्युला वनमध्ये नवखा असलेला आयर्टन सेना. पुढे याच गाडीची १९९० ची इव्होल्यूशन टू फक्त ५०२ बनली, आणि १९९२ मध्ये तिने जर्मन टूरिंग कार स्पर्धा जिंकली.

आकडे वाढत गेले

यानंतरचा इतिहास बराचसा आकड्यांच्या चढाओढीचा आहे, म्हणून पटकन उरकतो. एम५ घ्या. १९८५ मध्ये २८६ हॉर्सपॉवर, १९९८ ला व्ही८ आणि ४००, २००५ ला व्ही१० आणि ५०७, २०११ ला टर्बो आणि ५६०, २०१७ ला ६०० आणि चारही चाकांना ताकद, २०२४ ला हायब्रिड आणि ७२७. पण ताज्या एम५ चं वजन २,४०० किलोच्या वर गेलंय. सीएसएलचा 'एल' कुठे राहिला, हा प्रश्न जुने चाहते विचारतात, आणि चुकीचा विचारत नाहीत.

२०२२ च्या सी ६३ एएमजीत व्ही८ काढून दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर बसवली. ताकद ६८० हॉर्सपॉवर, म्हणजे आधीपेक्षा खूप जास्त. तरी गिऱ्हाईक नाराज. कारण ते हॉर्सपॉवर विकत घेत नव्हतं, व्ही८ चा आवाज विकत घेत होतं. स्पेसिफिकेशन शीटवर जिंकून गिऱ्हाईक गमावता येतं.

आपल्या जवळचा धागा सांगायचा तर, २०२० पासून एएमजीच्या काही गाड्या आपल्या चाकणच्या मर्सिडीज कारखान्यात जुळवल्या जातात. गिरणीतून निघालेलं नाव पुणे-नाशिक रोडपर्यंत पोचलं.

शेवटी विकलं. मग?

आता तुमच्या मूळ प्रश्नाचा सगळ्यात टोकदार भाग. १९९९ मध्ये डाइमलर-क्रायस्लरने एएमजीचे ५१ टक्के घेतले, २००५ मध्ये उरलेले सगळे. मार्च २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने अल्पिना हे नाव विकत घेत असल्याचं जाहीर केलं. बुखलोएचं जुनं काम २०२५ च्या अखेरपर्यंत चालायचं ठरलं. कारणं साधी होती: इलेक्ट्रिक गाड्या, प्रदूषणाचे नियम, सॉफ्टवेअरच्या चाचण्या. वर्षाला दोन हजारांच्या आसपास गाड्या काढणाऱ्या कंपनीला हा खर्च पेलण्यासारखा नव्हता.

म्हणजे शेवटी मोठ्यांनी गिळलंच, असं म्हणायचं का? कागद नीट बघा.

आउफरेख्टने एएमजी दिली, पण रेसिंगचं खातं वेगळं काढून स्वतःकडे ठेवलं. त्याचं नाव एचडब्ल्यूए, स्वतःच्या नावाची आद्याक्षरं. तेही अफाल्टरबाखमध्येच. पुढे अनेक वर्षं मर्सिडीजची टूरिंग कार टीम त्यांनीच चालवली. म्हणजे ज्याला कंपनी विकली, तोच गिऱ्हाईक झाला! आता तीच कंपनी जुन्या १९० ई इव्होल्यूशनची नवी आवृत्ती काढतेय, फक्त १०० नग.

बोवेनसीपेन कुटुंबाने 'अल्पिना' हे नाव विकलं. बुखलोएची जागा आणि स्वतःचं आडनाव विकलं नाही. बुर्कार्ड बोवेनसीपेन २०२३ मध्ये गेले. २०२५ च्या मे महिन्यात त्यांच्या मुलांनी इटलीत कोमो तलावाकाठी एक नवी कूपे दाखवली. डिझाइनला साथ इटलीच्या झागातोची, खालची गाडी बीएमडब्ल्यूचीच, आणि नावाची पाटी बोवेनसीपेन.

या आठवड्याचं काम. वही घ्या आणि तुमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं नाव वर लिहा. त्याखाली, त्याला कमी संख्येत काढायला परवडत नाही अशी एक वस्तू किंवा सेवा लिहा. मग, तुमचं काम वापरताना त्याच्या गिऱ्हाइकाला कशाची भीती वाटते ते लिहा. आणि शेवटी, उद्या तुम्ही धंदा विकलात तर कागदावर काय देणार नाही, ते लिहा: नाव, जागा, साचे, की कारागीर. गुरुवारच्या व्हिडिओत जॉबवर्कच्या करारात साच्यांची मालकी कशी लिहायची यावर बोलू. ही वही समोर ठेवूनच बसा.